बारा सर आणि सतरा दाऊ

आधीच माफी मागून ठेवते. मी चौथी शिकलेली आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. अक्षर म्हणाल तर ओल्या सारवणावरून कोंबडी चालून गेल्यासारखं. आणि पूर्णविराम कुठे द्यायचा हे मला कोणी नीट शिकवलंच नाही, दम लागला की मी देते. ही वही कोणाला दाखवायची नाही असं ठरवूनच बसले आहे. तरी कोणाच्या हाती पडलीच तर त्याने हसावं, पण माझ्यासमोर हसू नये.

लिहायचं कारण एवढंच की आयर्लंडहून येऊन दीड महिना झाला. आमच्या हुडकेश्वरच्या गल्लीत जो तो विचारतो, "कसं होतं वं तिकडे?" आणि माझ्या तोंडून "चांगलं होतं" याच्यापुढे काही निघत नाही. माझी मोठी जाऊ लीलाबाई तर चिडलीच. म्हणाली, "एवढ्या दूर जाऊन आली अन् काय सांगून राहिली, चांगलं होतं! चांगलं तर बाजूचं मनीषनगरबी आहे." खरं आहे तिचं. पण चार माणसं समोर बसली की माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून जे सांगता आलं नाही ते लिहून ठेवते.

माझी लेक वर्षा तिकडे नर्स आहे. तिचं पहिलं बाळंतपण होतं, म्हणून मी तीन महिन्यांसाठी मे महिन्यात गेले. विमानाचं काही लिहीत नाही, मी बहुतेक वेळ डोळे मिटूनच होते. ज्या गावी गेले त्याचं नाव मला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. त्या नावात अशी अक्षरं आहेत की जी लिहायची, पण म्हणायची नाहीत.

दिवस न मावळणारं गाव

तिकडे उन्हाळ्यात दिवस मावळतच नाही. दिवेलागणीला देवाजवळ दिवा लावायची माझी सवय. पहिल्या दिवशी मी अंधार पडायची वाट पाहत बसले. आठ वाजले, नऊ वाजले, बाहेर आपल्या दुपारी चारसारखं ऊन. शेवटी वर्षा म्हणाली, "आई, लाव वं दिवा, नाहीतर देव उपाशी झोपतीन." तेव्हापासून मी भर उन्हात खिडकीचा पडदा ओढून दिवा लावायला लागले. देवाला काय समजलं असेल ते असो.

सगळीकडे हिरवं गवत आणि त्यात मेंढ्या. मेंढ्यांच्या पाठीवर निळे-लाल रंगाचे पट्टे. मी वर्षाला म्हटलं, "यांचा पोळा होऊन गेला वाटते." ती हसली. प्रत्येक मालक आपली मेंढी ओळखू यावी म्हणून रंग लावतो म्हणे. मग आपल्या पोळ्यात आणि त्यांच्यात फरक एवढाच, की आपण बैलाला पुरणपोळीही देतो.

जूनमध्ये वर्षाला मुलगी झाली. तिच्या सासूबाई फोनवर म्हणाल्या, "असू दे, पहिलीच आहे." मी तेव्हा डिंकाचे लाडू वळत होते. त्यातले दोन लाडू फारच घट्ट वळले गेले, जावईबापूंनी ते शेवटी बत्त्याने फोडून खाल्ले.

साडेआठ युरो

सव्वा महिना झाल्यावर एका शनिवारी वर्षा आणि जावईबापू बाळाला टोचायला घेऊन गेले. मी पाय मोकळे करायला निघाले. दहा मिनिटांवर दगडी फाटक होतं, आत झाडांच्या रांगा आणि शेवटी एवढं मोठं घर की मला ते कॉलेज वाटलं. तेवढ्यात भुरभुर पाऊस आला, म्हणून मी आत गेले.

दारात एक खिडकी होती. खिडकीत पन्नाशीतली एक बाई बसली होती. तिने काहीतरी विचारलं आणि पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर साडेआठ युरो लिहिलं होतं. माझ्या बटव्यात सुपारी होती आणि घराची किल्ली. मला ना आत जाता येईना, ना पावसात परत. मागे माणसं उभी राहिली. मी पदर डोक्यावर घेऊन नुसती उभी.

मग कोपरावर फाटलेला स्वेटर घातलेला एक उंच म्हातारा आतून आला. मला वाटलं चौकीदार असेल. त्याने स्वतःच्या खिशातून नाणी काढली, खिडकीत मोजून दिली आणि तिकीट माझ्या हातात ठेवलं. खिडकीतल्या बाईने त्याच्याकडे असं पाहिलं, जशी मी ह्यांच्याकडे पाहते, भाजी आणायला पाठवलं आणि फुगे घेऊन आले की.

म्हाताऱ्याने मला घर दाखवलं. त्याचं बोलणं मला कळत नव्हतं, पण तो एकेका तसबिरीपुढे थांबून नाव सांगायचा. सर आर्थर. सर ह्यू. सर आर्थर. पुन्हा सर ह्यू. त्यांच्यातही आजोबाचं नाव नातवाला ठेवतात हे मला कळलं. बारा तसबिरी आणि बाराही सर! शेवटची तसबीर त्याचीच, फाटक्या स्वेटरविना.

माझे तर हातपाय गार झाले. बारा पिढ्या मास्तरकी करणारं घर मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला वाटलं आता हे पाढे विचारतात की काय. मी आपोआप हाताची घडी घातली आणि तशीच उभी राहिले. परत येताना प्रत्येक सरांपुढे मी घडी घातली. त्या बिचाऱ्या म्हाताऱ्या सरांना वाटलं मला थंडी वाजते, त्यांनी कुठून तरी कुत्र्याच्या वासाचा एक कोट आणून माझ्या खांद्यावर टाकला.

शेवटी जिन्याच्या भिंतीवर त्यांनी मला त्यांची वंशावळ दाखवली. रंगाने काढलेलं मोठं झाड होतं, पण उलटं. मूळपुरुष वर आणि पोरं खाली लोंबकळलेली. सोनेरी अक्षरात प्रत्येक सराचं नाव, नावापुढे टपोरं सोनेरी टिंब. वर्षा शाळेत होती तेव्हा तिच्यासोबत मीही एबीसीडी गिरवली होती, म्हणून मी हळूहळू वाचू लागले. सरांच्या बाजूला जागोजागी बारीक काळ्या अक्षरात एकच शब्द होता. डी, ए, यू. दाऊ. मी मोजले. सतरा दाऊ.

मला फार बरं वाटलं. परक्या मुलुखात ओळखीचं माणूस भेटावं तसं. माझे हे बांधकामावर देखरेख करायचे, तिथले छत्तीसगडी मिस्त्री मोठ्या भावाला दाऊ म्हणत आणि गावच्या मालगुजाराला, म्हणजे जमीनदारालाही, दाऊच म्हणत. आयर्लंडचे मालगुजारही दाऊच!

घरी येऊन फोन केला. हे म्हणाले, "बाप्पा! छत्तीसगडवाले तिथंबी पोहोचले काय?"

गुरूचं देणं

वर्षा आल्यावर मी तिला सांगितलं, की शेजारी बारा पिढ्या मास्तर आहेत. ती हसता हसता खाली बसली. "आई, टाके दुखून राहिले, नको वं हसवू. ते सर म्हणजे शाळेचे सर नाही. ते मोठ्या घराण्याचे आहेत, राजेसाहेब म्हणते ना आपण, तसं."

"मंग शिकवत नाही ते?"

"नाही."

"मंग करते काय?"

वर्षाने जरा विचार केला. "काही नाही. छप्पर गळते ते पाहते."

पण मी एकदा मनात सर म्हटलं ते म्हटलं. आणि सरांचे साडेआठ युरो माझ्यावर होते. इथे एक गोष्ट लिहावी लागेल, जी मी कोणाला सांगितली नाही. माहेरी, भिवापूरला, आमच्या शाळेत सगळे गुरुजी होते. सर एकच, डोंगरे सर, कारण ते पॅन्ट घालायचे. चौथीत असताना एका परीक्षेची माझी फी त्यांनी स्वतःच्या खिशातून भरली. म्हणाले, "पोरगी हुशार आहे." परीक्षेच्या आधीच मिरचीचा हंगाम सुरू झाला आणि आईने मला सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या आवारात नेलं, वाळलेल्या मिरचीचे देठ तोडायला. तिथून मी शाळेत परत गेलेच नाही. पुढे डोंगरे सर रस्त्यात दिसले की मी दुसऱ्या गल्लीत शिरायची. सर वारले तेव्हा मी सासरी होते. ते पैसे राहिले ते राहिलेच.

म्हणून ठरवलं, या सरांचे पैसे ठेवून विमानात बसायचं नाही. परतीला बारा दिवस होते.

सोमवारी मी दहाची नोट घेऊन गेले. सर दारातच कुत्र्याला रागावत होते. मी नोट पुढे केली. सर इतके खूश झाले! माझा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला, मला एका काचेच्या पेटीपाशी नेलं आणि नोट तिच्या फटीत सारली. पेटीवर गळक्या छपराचं चित्र होतं.

"आई, ते दान झालं," वर्षा म्हणाली. "दहा युरो गेले तुझे."

"दान वेगळं अन् देणं वेगळं," मी म्हटलं. "देणं तसंच आहे."

मग मी पाकिटात मोजून साडेआठ युरो घातले, सोबत भिवापुरी मिरचीच्या चटणीची एक बाटली, आणि दारापाशी ठेवून पळून आले. दुसऱ्या दिवशी सर जुन्या सायकलवर आमच्या दारात हजर. नाक लाल, डोळे लाल. पाकीट परत आणलं होतं, न फोडता. बाटली आणली नव्हती. वर्षाने सांगितलं, "आई, ते म्हणून राहिले, त्यांनी ती जॅमसारखी पावावर लावून खाल्ली."

"माय वं! मंग?"

"मंग कुत्र्याचं पाणी पिले. अन् आणखी आहे काय म्हणून विचारून राहिले."

मी आल्याचा चहा केला. सरांनी बाळाला मांडीवर घेतलं, बाळाने त्यांच्या स्वेटरवर दूध काढलं, त्यांना काही वाटलं नाही. तेव्हा मी वर्षाला हळूच म्हटलं, की त्यांना विचार, भिंतीवर एवढे सतरा दाऊ कोण?

वर्षाने विचारलं. सरांना कळेना. मी कागदावर तीन अक्षरं लिहून दाखवली. सर त्या कागदाकडे पाहत राहिले. मग हळूच काहीतरी म्हणाले, आणि वर्षाचंही हसू गेलं.

"आई, ते दाऊ नाही. डॉटर लिहायचं ते कमी करून लिहिलं आहे. दाऊ म्हणजे लेक."

"लेकींचं नावच नाही?"

"नाही. नुसतं लेक."

मी म्हटलं, "मंग त्याईच्या नावाच्या खाली, शेवटी, जी एक दाऊ आहे ती कोण?"

वर्षाने विचारलं. सरांनी बाळाचं टोपडं सारखं केलं, नसताना वाकडं. मग म्हणाले, "मार्गारेट."

ती खिडकीत तिकिटं विकणारी बाई! ती सरांची एकुलती एक लेक. ती झाली तेव्हा सरांच्या वडिलांनी भिंतीवर बारीक अक्षरात तेवढंच लिहिलं आणि मुलाची वाट पाहत जागा सोडली. मुलगा झाला नाही. आता सरांनंतर ते सर-पण कोणाला मिळणार नाही, घराणं भिंतीवरच संपणार. वडील सांगून गेले होते की भिंतीला कोणी हात लावायचा नाही, म्हणून सरांनी लावला नाही.

चहा तसाच गार झाला. सर गेले. पाकीट टेबलावर होतं.

बिदागी

त्या आठवड्यात मला दुसरं काही सुचेना. लोकांच्या घरची भिंत, आपल्याला काय करायचं? पण बाळाला तेल लावताना ते सतरा दाऊ माझ्या डोळ्यांपुढे यायचे.

आणि आपलं तरी काय वेगळं आहे? लहानपणी आमच्या घरी सुगीनंतर भाट यायचा. खाटेवर बसून लाल फडक्यातली पोथी उघडायचा आणि आमच्या सात पिढ्या वाचायचा, अमक्याचा तमका, तमक्याचा ढमका. नवीन जन्मलेला मुलगा असला की त्याचं नाव चढवायचा. मग बिदागी म्हणून पायलीभर ज्वारी आणि वर रुपया. एकदा माझ्या आईने दाराआडून विचारलं, "माह्या पोरीचं नाव?" भाट म्हणाला, "पोरी दुसऱ्याच्या पोथीत जाते, माय." सासरच्या पोथीत मी पाहिलं, तिथे ह्यांच्या नावापुढे नुसतं 'पत्नी' आहे. म्हणजे मीही एक दाऊच.

हे आठवलं आणि त्यातच मला वाट सापडली. भाटाने बिदागी नको म्हटली असं आमच्या भिवापुरात तरी कोणी ऐकलेलं नाही.

परतीच्या दोन दिवस आधी मी वर्षाला आणि बाळाला घेऊन मोठ्या घरी गेले. या वेळी वर्षाने तिकिटं काढली. मार्गारेटबाई खिडकी बंद करून आमच्याबरोबर आल्या, बाळ पाहायला. सर जिन्यापाशी होते. मी जमिनीकडे पाहत, आयुष्यात एका दमात बोलले नाही एवढं बोलले. वर्षा सांगत गेली.

"सर, तुम्ही मले बारा पिढ्या वाचून दाखवल्या. आमच्यात असं वाचून दाखवते त्याले भाट म्हणते. भाटाले बिदागी घ्याच लागते. नाही घेतली तर वाचलेलं लागत नाही. अन् घेतली तर घरातलं राहिलेलं नाव चढवाच लागते. माह्या घरचा भाट आता येत नाही, नाहीतर त्यालेबी सांगितलं असतं."

वर्षाचं सांगणं संपलं. मग मार्गारेटबाई भिंतीकडे पाहत म्हणाल्या, आणि वर्षाने माझ्या कानात सांगितलं, "त्या म्हणून राहिल्या, वीस वर्षं झाली, मी या भिंतीची तिकिटं विकते."

सरांनी हात पुढे केला. बिदागी म्हणा की आणखी काही, नाव कोणतंही असो, साडेआठ युरो त्यांच्या हातात गेले म्हणजे झालं, असं मनात म्हणत मी ओंजळीने नाणी दिली. आठ नाणी एक-एक युरोची आणि एक पन्नास सेंटचं. पन्नासचं नाणं निसटलं, फळ्यांवर गोल फिरलं आणि दोन फळ्यांच्या फटीत गेलं.

आम्ही चौघं गुडघ्यांवर. सरांनी विणायची सुई घातली, मार्गारेटबाईंनी चमचा. एक जुनं बटण निघालं, एक दात निघाला, कोणाचा ते सरांनाही सांगता येईना. नाणं काही निघालं नाही. माझ्याकडे दुसरं नव्हतं. वर्षाने पर्स उघडली तर मी तिचा हात दाबला. माझं देणं मी देणार.

मार्गारेटबाई म्हणाल्या, पैसे घरातच आहेत, जमा झाले. मी नाही म्हणून मान हलवली. घराने गिळलं ते सरांच्या हातात आलं नाही.

सरांनी हातातली नाणी मोजली. मग आत जाऊन शिडी, रंगाच्या दोन डब्या आणि ब्रश घेऊन आले. मार्गारेटबाई त्यांना ओरडल्या, त्या वयात शिडीवर चढू नका म्हणून असेल. ते चढले. वर्षा म्हणाली, "आई, ते म्हणून राहिले, बिदागी आठ युरो. एका अक्षराचा एक युरो."

त्यांनी आधी 'दाऊ' आणि त्याच्यापुढचं टिंब भिंतीच्या रंगाने पुसलं. मग सोनेरी रंगाने एकेक अक्षर काढू लागले. मी एबीसीडी मनात म्हणत गेले. मार्गारेट आपल्यात चार अक्षरांत होते, त्यांच्यात बरोबर आठ लागतात. मार्गारेटबाई शिडी धरून उभ्या होत्या आणि वर पाहत नव्हत्या.

आठवं अक्षर झालं आणि सरांनी ब्रश डबीत ठेवला.

"टिंब?" मी विचारलं. बाकी प्रत्येक नावापुढे होतं.

सर खाली पाहून हसले. वर्षा म्हणाली, "टिंबाचे पन्नास सेंट. ते बाकी आहेत म्हणते."

बारा पिढ्यांत एकाने तरी मास्तरकी केली असणार, याबद्दल मला तेव्हापासून शंका राहिलेली नाही.

निघायच्या दिवशी

आदल्या दिवशी पन्नास सेंटचं नाणं सुटं मिळावं म्हणून मी वर्षाला घेऊन दुकानात गेले, माझ्याकडच्या पैशांतून दहा सेंटची पेन्सिल मागितली. तशी पेन्सिल तिथे मिळत नाही म्हणे. शेवटी साठ सेंटची काडेपेटी घेतली, एक युरो दिला, तर परत आली वीस-वीसची दोन नाणी. मग दुसऱ्या दुकानात एक युरो देऊन पन्नास सेंटचं केळ घेतलं. केळ जावईबापूंनी खाल्लं. नाणं मी बटव्यात सुपारीजवळ ठेवलं आणि झोपताना बटवा उशाखाली.

सकाळी विमानतळाला निघालो. गाडी दगडी फाटकात वळवायला लावली. जावईबापू घड्याळ पाहत होते. मी उतरले आणि चक्क पळाले, साठीला आलेली बाई, साडी वर धरून. मार्गारेटबाई खिडकीत होत्या. त्यांनी तिकीट मागितलं नाही, दार उघडून आत हाक मारली.

सर फाटक्या स्वेटरमध्येच आले. शिडी जिन्यापाशीच होती, हलवलेलीच नव्हती. मी फळ्यांच्या फटीपासून दूर उभी राहिले आणि नाणं त्यांच्या तळहातावर दाबून बसवलं, मुठीसकट.

सर वर चढले. टिंब जरा मोठं झालं आणि थोडं ओघळलं, पण झालं. मार्गारेटबाईंनी या वेळी वर पाहिलं. मग त्या खिडकीपाशी गेल्या, एका तिकिटाच्या पाठीमागे काहीतरी लिहिलं आणि सरांची सही घेऊन माझ्या हातात दिलं. माझं नाव त्यांनी चुकीचं लिहिलं होतं, दोन अक्षरं कमी. मी काही म्हटलं नाही. शुद्धलेखनात सगळ्यांचंच होतं.

गाडीत वर्षाने ते वाचून दाखवलं. साडेआठ युरो, पूर्ण मिळाले.